वयस्क कुत्रा-मांजर दत्तक घेताना किती खर्च येतो?

नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर किंवा दहा वर्षांचा बोका दत्तक घ्यायला प्राणिसंस्था सहसा एक पैसाही मागत नाहीत. काही ठिकाणी नसबंदी आणि लसीकरणाच्या खर्चापोटी दोन-तीन हजार घेतात. बाकी अर्ज भरायचा, घर दाखवायचं आणि करारावर सही करायची, एवढंच. त्याच जातीचं पिल्लू ब्रीडरकडून आणायचं तर पंधरा-वीस हजारांपासून बोली सुरू होते. साहजिकच म्हातारं जनावर स्वस्तात पडतं, असा अनेकांचा समज होतो. तो समज मनात ठेवून कुणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी कागद-पेन घेऊन बसायला सांगते.

कारण फुकट मिळालेलं हे जनावर पहिल्या महिन्यातच पंधरा-वीस हजार रुपये मागतं, आणि पुढे दरमहा तीन ते अकरा हजार. मात्र त्याच्या बाजूची एक मोठी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. त्याचा खर्च आधी कळतो. पिल्लू मोठं होऊन किती वजनाचं होईल, त्याच्या खुब्याचे सांधे कसे निघतील, त्याला त्वचेची अ‍ॅलर्जी असेल का, घरातल्या लहान मुलाशी ते कसं वागेल, यातलं काहीही आणताना ठाऊक नसतं. नऊ वर्षांच्या कुत्र्याच्या बाबतीत यातलं बहुतेक सगळं समोर असतं, आणि जे दिसत नाही ते रक्ताच्या तपासणीत नि एक्स-रेत दिसतं. पहिल्या महिन्यात तपासण्यांवर हात आखडता घेतला नाही, तर पुढच्या दोन-चार वर्षांचं अंदाजपत्रक बरंच नेमकं मांडता येतं. हा लेख त्या अंदाजपत्रकासाठी आहे.

पुढचे आकडे पुणे-मुंबईतल्या खासगी दवाखान्यांचे साधारण दर आहेत. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरात ते थोडे उतरतात. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत काही ठिकाणी चढतात. दवाखान्यात फोन करून दर विचारायला संकोचू नका. चांगले डॉक्टर त्याचा राग धरत नाहीत.

म्हातारं कुणाला म्हणायचं

मोठ्या चणीचे कुत्रे, म्हणजे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, सात वर्षांपासून पुढे वयस्क धरतात. ग्रेट डेनसारखे अगडबंब कुत्रे त्याही आधी. पॉमेरेनियन, डॅशहुंड यांसारखे छोटे कुत्रे नऊ-दहापर्यंत तरणे असतात. आपला गावठी कुत्रा काटक. नीट सांभाळलेला गावठी बारा-चौदा वर्षं सहज काढतो, त्यामुळे आठ वर्षांचा गावठी घरी आणणं म्हणजे पाच-सहा वर्षांची सोबत. मांजरं दहाच्या पुढे वयस्क मानतात, पण घरात राहणारं मांजर पंधरा-सोळापर्यंत जगणं नवलाचं नाही. हिशेब मांडताना हे उरलेलं वय महत्त्वाचं, कारण दरमहाच्या आकड्याला त्यानेच गुणायचं असतं.

हे प्राणी संस्थांकडे येतात कुठून? मालक वारले, मुलं परदेशात आहेत आणि कुत्र्याला घेऊन जाणं जमत नाही. बदली झाली. इमारत पुनर्विकासाला गेली आणि भाड्याच्या घरात परवानगी मिळेना. घरात बाळ आलं. कधी कुत्र्याचा औषधांचा खर्च वाढला आणि एक दिवस तो हायवेवर सोडलेला सापडला. ब्रीडरकडच्या माद्या हा आणखी एक मोठा वर्ग. २०१७च्या कुत्रे-प्रजनन नियमांनुसार आठ वर्षांपुढच्या मादीकडून पिल्लं घेता येत नाहीत. त्याआधीच, विणी संपल्या की अशा माद्यांना कुणी वाली उरत नाही. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याचा पहिल्या वेळचा दंड मात्र १० ते ५० रुपये आहे. साठ वर्षांपूर्वीचा हा आकडा आजही तसाच आहे, ही मला अतिशय लाजिरवाणी गोष्ट वाटते. कुत्र्याच्या एका एक्स-रेला याच्या वीसपट पैसे पडतात.

निवृत्त श्वानांचं उदाहरण इथे आठवतं. मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातले चौघे २६/११च्या वेळी कामावर होते. निवृत्तीनंतर ते विरारच्या एका फार्मवर राहायला गेले आणि २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक गेले. त्यांना शेवटचा काळ मोकळ्या जागेत, माणसांच्या मायेत मिळाला. पोलीस आणि केंद्रीय दलांचे निवृत्त श्वान अधूनमधून दत्तक दिले जातात. असा कुत्रा घेणार असाल, तर सेवेतल्या उपचारांची नोंदवही मागून घ्या. तेवढ्यानेच तपासणीचे काही हजार वाचतील.

आणण्याआधी, जागेवरच

संस्थेत गेल्यावर प्राण्यापाशी निदान तासभर थांबा. फोटोत सगळेच गोजिरवाणे दिसतात.

कुत्रा बसलेला असेल तर तो उठताना बघा. पुढचे पाय आधी टेकवून मागचा भाग तो ओढून उभा करतोय का, उभा राहिल्यावर मागच्या मांड्या थरथरतायत का. मागच्या पायांच्या मांड्या खांद्यांच्या मानाने बारीक झाल्या असतील, तर सांधे बरेच दिवस दुखतायत असं समजा. नखं वाढून वळली असतील तर त्याचं चालणं कमी झालंय. मग कामगाराला सांगून ओठ वर करायला लावा. दाताच्या मुळाशी तपकिरी थर, लालभडक हिरड्या आणि नाकाला झोंबणारा वास म्हणजे दातांची सफाई ठरलेली. डोळ्यांत निळसर धुरकटपणा दिसला म्हणून घाबरू नका; उतारवयात भिंग घट्ट होतं आणि तसं दिसतं, नजर मात्र बरीच शाबूत असते. पांढराशुभ्र ठिपका असेल तर तो मोतीबिंदू असू शकतो, तो डॉक्टरांनी बघायला हवा. अंगावरून दोन्ही हात फिरवा. मऊ, कातडीखाली सरकणाऱ्या गाठी वयस्क कुत्र्यांत सर्रास असतात आणि बहुतेक वेळा चरबीच्या निघतात, पण मादीच्या सडांजवळची गाठ कधीही सोडून द्यायची नाही. सुईने पेशी काढून तपासायला आठशे ते दीड हजार लागतात.

आणि पाणी किती पितो ते विचारा. घरी आणल्यावर हे स्वतः मोजा: रात्री मोजून पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजायचं. कुत्रा दिवसाला किलोमागे शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे दहा किलोचा कुत्रा लिटरभराहून अधिक पाणी पीत असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा कुशिंग हा संप्रेरकांचा आजार यांपैकी काहीतरी शोधावं लागतं. मांजरासाठी हा आकडा याच्या निम्मा धरा. या मोजमापाला काहीही खर्च नाही, आणि डॉक्टरांना त्याचा उपयोग फार होतो.

संस्थेकडून लसीकरणाचं पुस्तक, नसबंदीचा दाखला, आधीचे रिपोर्ट आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या मागून घ्या. आधीच्या मालकांशी फोनवर बोलता येत असेल तर जरूर बोला. जुनं नाव काय, काय खातो, फटाक्यांना घाबरतो का, एकटा राहू शकतो का. समाजमाध्यमांवर 'दत्तक देणे आहे' म्हणत आधी गाडीभाडं किंवा डिपॉझिट पाठवायला सांगणाऱ्यांपासून सावध राहा. प्राणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

पहिला महिना

समजा, तुम्ही नऊ वर्षांची, तीस किलोची लॅब्रॅडॉर आणताय. पहिल्या महिन्याचा हिशेब साधारण असा होतो. डॉक्टरांच्या दोन भेटी बाराशे ते दोन हजार. रक्ताची पूर्ण तपासणी, म्हणजे पेशींची संख्या, यकृत आणि मूत्रपिंड, अठराशे ते तीन हजार. लघवीची तपासणी तीनशे ते पाचशे. गोचीडतापाची चाचणी बाराशे ते दोन हजार. खुब्याचे नि गुडघ्यांचे दोन एक्स-रे दीड ते दोन हजार. पोटाची सोनोग्राफी दीड ते अडीच हजार. एकत्रित लस आणि रेबीजची लस मिळून बाराशे ते अठराशे. जंताच्या गोळ्या दोनेकशे. गोचीड-पिसवांसाठीची गोळी एक ते दोन हजार. जाड गादी, फरशीवर टाकायच्या मॅट, भांडी आणि छातीवरून बसणारा पट्टा यांना तीन ते पाच हजार. सगळं मिळून तेरा ते एकवीस हजार.

यातली गोचीडतापाची चाचणी वाचवावीशी वाटते. वाचवू नका. महाराष्ट्रात, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर, एर्लिकिया आणि बॅबेसिया यांनी होणारा हा ताप कुत्र्यांचा मोठा शत्रू आहे. वयस्क कुत्र्यात तो कित्येकदा दबून राहतो आणि 'म्हातारा झालाय, म्हणून मलूल असतो' असं समजून सोडून दिला जातो. एर्लिकियावरची डॉक्सिसायक्लिनची गोळी अगदी स्वस्त आहे. निदान उशिरा झालं तर रक्त चढवण्यापर्यंत वेळ येते. सोनोग्राफीचंही तसंच. मोठ्या कुत्र्यांत प्लीहेवरची गाठ बाहेरून काहीच दिसू देत नाही.

पहिल्या महिन्यात आणखी दोन खर्च येऊ शकतात. दातांची सफाई भूल देऊन करावी लागते. सहा ते बारा हजार, दात काढावे लागले तर जास्त. भूल वयस्क कुत्र्याला झेपेल का, ही शंका रास्त आहे. आधी रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी झालेली असेल आणि भूल देताना मॉनिटर लावून कुणी लक्ष ठेवणार असेल, तर नुसत्या वयासाठी नकार देऊ नये. दुखऱ्या दातांनी कुत्रा खाणं सोडतो आणि आपण वेगवेगळी खाद्यं आणून पैसे घालवत राहतो. दुसरा खर्च नसबंदीचा, तिची आधी झाली नसेल तर: सात ते पंधरा हजार. नसबंदी न झालेल्या वयस्क मादीला गर्भाशयात पू होण्याचा धोका मोठा. तो झाला की रातोरात शस्त्रक्रिया, सलाइन, भरती असा खर्च पंधरा ते पस्तीस हजारांवर जातो आणि जीवही जाऊ शकतो. हिशेब उघड आहे.

दर महिन्याला

त्याच लॅब्रॅडॉरचं कोरडं खाद्य महिन्याला दहा किलोच्या आसपास लागतं. चार ते सात हजार. घरी शिजवून घालणार असाल, तर चिकन, भात, भोपळा-गाजर यांचा खर्च साधारण तेवढाच येतो, कारण तीस किलोचं जनावर आहे. नुसती दूध-पोळी घालून वयस्क कुत्रा पोसणं खरोखर महागात पडतं: स्नायू झडतात, वजन वाढतं आणि सांध्यांवर भार येतो. घरचं जेवण द्यायचं तर डॉक्टरांकडून कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचं प्रमाण लिहून घ्या. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याच्या ताटात येता कामा नये; आपल्या उरलेल्या आमटी-भाजीत कांदा-लसूण असतोच, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सांध्यांसाठीची पूरक औषधं आठशे ते दीड हजार, गोचीड-पिसवांची गोळी महिन्याला सातशे ते हजार, अंघोळ-नखं-किरकोळ पाचशे, आणि सहामाही तपासणीचे पैसे महिन्यांत विभागले तर पाचशे ते हजार. आजार नसताना एकूण साडेसहा ते अकरा हजार. अठरा किलोच्या गावठी कुत्र्याला चार ते साडेसहा हजारांत भागतं. मांजराला तीन ते साडेचार हजार, त्यात वाळूचे सात-आठशे धरलेत.

आता आजार आला तर. दहा-बारा वर्षांच्या प्राण्यात काही ना काही निघणारच, असं धरूनच चाला. संधिवाताच्या वेदनाशामक गोळ्या महिन्याला सहाशे ते दीड हजार. हृदय कमजोर झालं तर मोठ्या कुत्र्याची औषधं दोन ते साडेचार हजार, शिवाय सहा महिन्यांनी अडीच-तीन हजारांचा इको. मूत्रपिंडाच्या आजाराचं खास खाद्य किलोला नऊशे ते तेराशे. हे सगळं एका वेळी येत नाही, पण एखादं आलं की महिन्याला तीन-चार हजारांची भर पडते.

मांजरांत मूत्रपिंडाचा आजार सर्वांत जास्त दिसतो, आणि इथे घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. मानेमागची कातडी चिमटीत वर उचलून, तिच्याखाली सुई सरकवून सलाइन सोडायचं. डॉक्टर एकदा हात धरून शिकवतात. दवाखान्यात दर वेळी चार-पाचशे रुपये आणि पिंजऱ्यात कोंबून नेण्याची मांजराची दैना. घरी केलं तर सलाइनची बाटली, नळी, सुया मिळून महिन्याला हजार-दीड हजार. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, मांजर खिडकीशी ऊन खात बसलं असताना हळूच सुरुवात करायची, आणि पाच-सात मिनिटांत काम होतं. खांद्यावर पाण्याची मऊ पिशवी लोंबते, ती काही तासांत जिरते. पहिल्या आठवड्यात हात कापतो. नंतर सवय होते, माणसाला आणि मांजरालाही.

कुठे वाचवायचं

तपासणीत वाचवू नका, औषधांच्या किमतीत वाचवा. प्राण्यांना दिली जाणारी बरीच औषधं माणसांचीच असतात: हृदयासाठीचं फ्युरोसेमाइड, मांजरांच्या रक्तदाबासाठीचं अ‍ॅम्लोडिपिन, वेदनेसाठीचं गॅबापेन्टिन. डॉक्टरांना मूळ औषधाचं नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. बिल निम्म्याहून खाली येऊ शकतं. प्रमाण मात्र डॉक्टरांचंच. घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला दिली तर ती जिवावर बेतते, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठराची नि मूत्रपिंडाची वाट लावतात. 'लहानसा तुकडाच दिला' म्हणत दवाखान्यात येणारे लोक दर आठवड्याला दिसतात, असं डॉक्टर सांगतात.

सरकारी आणि धर्मादाय दवाखान्यांकडे सुशिक्षित लोक उगाच पाठ फिरवतात. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, आणि त्याच्या आवारातलं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६चं. पुण्यात औंधला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांचे बाह्यरुग्ण विभाग जुनाट आजारांसाठी फार उपयोगी पडतात. रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं, पण तपासणीचा खर्च खासगीच्या काही हिश्शाने येतो. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. ते धर्मादाय दरात नाही, पण सीटी स्कॅन, अतिदक्षता विभाग अशा सोयी एका छपराखाली आहेत.

विम्याच्या भरवशावर राहू नका. पाळीव कुत्र्यांचा विमा आपल्याकडे मिळतो, पण बहुतेक योजनांत नव्याने विमा उतरवायला वयाची वरची मर्यादा असते आणि आधीपासूनच्या आजारांना संरक्षण नसतं. नऊ वर्षांचा कुत्रा यात सहसा बसत नाही. त्याऐवजी प्राणी घरी आणण्याआधी पन्नास हजार रुपये वेगळ्या खात्यात बाजूला काढा. पोट फुगून पीळ पडणं हा मोठ्या छातीच्या कुत्र्यांचा जीवघेणा प्रकार. त्याची शस्त्रक्रिया एवढ्यात किंवा याहून जास्तच जाते, आणि निर्णयाला तासाभराचाही अवधी नसतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे रात्री दोन वाजता दवाखान्याच्या काउंटरवर कळून उपयोग नाही.

लॅब्रॅडॉर तीन वर्षं जगली, असं धरून पहिला महिना, दरमहाचा खर्च आणि एखादं मोठं आजारपण एकत्र केलं तर साडेतीन ते चार लाखांचा आकडा येतो. गावठी कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास.

पैशांपलीकडचा खर्च

घरातल्या गुळगुळीत टाइल्स सांधे दुखणाऱ्या कुत्र्याच्या सर्वांत मोठ्या वैरी. रस्त्यावर बरा चालणारा कुत्रा स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून आत यायला तयार नसतो, कारण तिथे एकदा त्याचे मागचे पाय फाकले होते. योगासनांच्या दोन-तीन जुन्या मॅट पाण्याच्या भांड्यापासून त्याच्या गादीपर्यंत रस्त्यासारख्या अंथरल्या, तर औषधाइतका फरक पडतो. खर्च हजारभर. खाण्याचं भांडं पाटावर ठेवून उंच करा. पंजांच्या मधले केस कापत राहा.

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तीस किलोचा कुत्रा घेऊ नका, मन कितीही झालं तरी. दोन वर्षांनी त्याला उचलून न्यावं लागेल. लिफ्ट असेल आणि सोसायटी त्यात कुत्र्याला मनाई करत असेल, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक सूचना दाखवा. पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत, असं तिच्यात स्पष्ट म्हटलंय. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी करारातच लिहून घ्या. महापालिकेचा परवाना दरवर्षी काढावा लागतो, त्याचं शुल्क किरकोळ आहे आणि रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

वयस्क प्राण्याला दिवसातून तीन-चारदा बाहेर न्यावं लागतं, रात्री एकदा उठावं लागू शकतं. दोघेही दिवसभर कामावर असाल तर फिरवणाऱ्या माणसाचे महिन्याला अडीच ते चार हजार धरा, आणि गावी जाताना बोर्डिंगचे दिवसाला पाचशे ते बाराशे. औषधं चालू असलेला प्राणी सगळे बोर्डिंगवाले घेत नाहीत. दिवाळी-मेच्या सुट्टीसाठी दोन महिने आधी ठरवा. निवृत्त जोडपी, घरात कायम असणारी आजी किंवा घरून काम करणारी माणसं यांच्यासाठी शांत, सवयी पक्क्या झालेला कुत्रा पिल्लापेक्षा कितीतरी बरा. तो चप्पल कुरतडत नाही, दोरी ओढून कुणाला पाडत नाही. पण सत्तरी गाठलेल्या माणसांनी, आपण आजारी पडलो तर याला कोण नेणार, ते नाव आधीच ठरवून संस्थेला लेखी द्यावं.

घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे तो खाणार नाही, दाराशी बसून राहील, नको तिथे लघवी करेल. त्याचं घर नुकतंच गेलंय. प्रशिक्षकावर पैसे घालवण्याची घाई करू नका. त्याची जुनी चादर, जुनं नाव, जुन्या जेवणाची वेळ तशीच ठेवा. आणि घरी आल्याचा दिवस त्याचा वाढदिवस म्हणून साजरा करणार असाल तर जरूर करा. केकबरोबर त्याच आठवड्यात वार्षिक रक्ततपासणी करून टाकली, की ती कधी चुकत नाही.

शेवटच्या खर्चाचंही आधी बोलून ठेवावं. वेदना आवरेनाशा झाल्या की डॉक्टर दयामरणाचा पर्याय सुचवतात. दवाखान्यात दोन ते पाच हजार, घरी येऊन केलं तर थोडे जास्त. कोणत्या टप्प्यावर थांबायचं, हे प्राणी ठणठणीत असतानाच घरच्यांनी ठरवलं, तर अतिदक्षता विभागाच्या दारात भांडणं होत नाहीत. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाइप गॅसवरची प्राण्यांची दाहिनी सुरू केली, आणि सुरू करताना ती सेवा विनामूल्य असल्याचं जाहीर केलं होतं. खासगी दहनसेवा वजनाप्रमाणे दोन ते सहा हजार घेतात. आपल्या शहरातली सोय कुठे आहे आणि रविवारी चालू असते का, हे विचारून नंबर लिहून ठेवा.

हे सगळे आकडे वाचून आपल्याला झेपणार नाही, असं वाटलं तर दोन मार्ग आहेत. पहिला तात्पुरत्या सांभाळाचा: प्राणी तुमच्या घरी राहतो, औषधपाणी संस्था बघते, तुम्ही जागा, जेवण आणि वेळ देता. कराराच्या वेळी कोणती बिलं कोण भरणार आणि रात्री-अपरात्री कोणत्या दवाखान्यात न्यायचं, हे लिहून घ्या. दुसरा, एका ठरावीक वयस्क प्राण्याचा महिन्याचा खर्च उचलण्याचा. पुण्यात रेस्क्यू ट्रस्ट आणि ब्लू क्रॉस, मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज आणि योडा यांच्यासारख्या संस्थांशी याबद्दल बोलता येतं. हजार-दोन हजारांतही एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याची सांध्यांची औषधं निघतात. देणगीची पावती घ्या. संस्थेला ८०जीची मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल, तर वजावट मिळते. दोन हजारांच्या वरची देणगी रोखीने दिली तर मिळत नाही, म्हणून ऑनलाइन किंवा चेकने द्या.